सहाव्या गाण्यानंतरचा शब्द

मित्रांनो, गॅलरीत कबुतरे येऊ नयेत म्हणून दोऱ्याला टांगलेली चकचकीत चकती तुम्ही पाहिली असेल. ती माझीच जात. मी एक जुनी सीडी आहे. माझे नशीब एवढेच, की मला अजून कोणी टांगलेले नाही.

माझ्यावर अकरा गाणी आहेत. ती गाणाऱ्या बाईंचे नाव नेल आर्सेनो. त्या कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर राहतात. गाणी स्वतः लिहायच्या, चाली स्वतः लावायच्या आणि गिटार घेऊन एकट्याच गायच्या. उभ्या आयुष्यात त्यांची चारच ध्वनिमुद्रणे झाली. पहिली तबकडी निघाली तेव्हा कंपनीने त्यांना न विचारता मागे ड्रम वाजवून घेतले. ती त्यांना कधीच आवडली नाही. दुसरी, कॅसेट, त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात केली, फ्रिजचा प्लग काढून. मग बरीच वर्षे त्यांनी शाळेत शिकवले. तिसऱ्या वेळेपर्यंत आवाज खाली उतरला होता, आणि जाणकार म्हणतात की तीच गाणी सर्वांत चांगली. चौथी मी. माझ्यानंतर नेलबाईंनी काही मुद्रित केले नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण माझ्यावरची गाणी आयर्लंडमध्ये गायली गेली. एनिसजवळच्या एका खेड्यातल्या जुन्या हॉलमध्ये, २०११ सालच्या फेब्रुवारीत. साठेक माणसे होती. हीटर एकच होता, म्हणून कोणी कोट काढले नव्हते. तिसऱ्या रांगेत एक मराठी जोडपे बसले होते. शशिकांत मूळचा नागपूरचा, शॅननच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्याची बायको मृणालिनी पुण्याची, एनिसच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. त्यांना इकडे येऊन वर्षही झाले नव्हते. अकरा महिन्यांच्या मुक्ताला शेजारच्या ब्रीडाबाईंकडे ठेवून ती दोघे पहिल्यांदाच संध्याकाळची बाहेर पडली होती.

सहावे गाणे एका बोटीचे आहे. समुद्र गोठल्यामुळे बोट अडकली आहे. काठावर एक बाई रोज सूप गरम करते आणि रोज ओतून देते. शेवटच्या कडव्यात बर्फ फुटतो, पण बोट आली की नाही ते नेलबाई सांगत नाहीत. ओळ अर्ध्यावर सोडतात. त्या दिवशीही सोडली. गिटारची शेवटची तार अजून वाजत होती. सारा हॉल गप्प होता. आणि शशिकांतच्या तोंडून निघून गेले, "वा! क्या—"

तो वडिलांबरोबर गाण्याच्या बैठकांना जाऊन वाढलेला. त्याने ठरवून काही केले नव्हते. लोक वळून पाहू लागले, तशी मृणालिनीने त्याच्या दंडाला चिमटा काढला आणि पुढचे शब्द आतच राहिले. नेलबाई हसल्या. मग टाळ्या झाल्या. हे सगळे माझ्यावर आहे. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने नंतर विचारले, तो आवाज कापू का? नेलबाई नको म्हणाल्या.

माझ्या तीनशे प्रती निघाल्या. हॉलच्या दाराशी ठेवलेल्या वहीत शशिकांतने पत्ता आणि पुढे 'मध्येच बोलला तो मीच' असे लिहून ठेवले होते, त्यामुळे मी टपालाने एनिसला त्याच्या घरी आले.

मित्रांनो, पुढची आठ वर्षे माझ्या कामाची. मी गाडीत राहायचे. एनिसहून शॅननला जाताना मी वाजायचे, येताना वाजायचे. गाडीत पाहुणा बसला की त्याची सुटका नसे. सारंग नावाचा एक मित्र म्हणाला, "अरे, एका शब्दासाठी किती वेळा ऐकवशील?" शशिकांत म्हणाला, "शब्द नाही तो. कॅनडाच्या संगीतातलं माझं योगदान आहे." मागच्या सीटवर मुक्ता असे. सहावे गाणे संपत आले की तो आवाज वाढवायचा. "आता बाबा येणार हं!" मुक्ता ओरडायची, "नाऊ! नाऊ!" आणि मग दोघेही मिळून, "वा!"

२०१९ मध्ये नवी गाडी आली. तिला माझ्यासाठी फटच नव्हती. शशिकांतने मला स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये ठेवले. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात. तिथे चहाच्या डब्यामागे मी पडून राहिले. राग आला नाही. माझ्यावर जे कोरले आहे तेवढेच मला येते, आणि तेही कोणी फिरवले तर.

दोन वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका मंगळवारी शशिकांत ऑफिसच्या जिन्यात कोसळला. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत तो गेलेला होता. सत्तेचाळीस वर्षांचा होता.

नवव्या दिवशी मृणालिनी कामावर गेली. तिचे काम म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात. तिथे ती नेहमीसारखी होती. सगळ्यांची नावे तिला पाठ होती, गोळ्यांच्या वेळा पाठ होत्या. घरी येऊन भात लावायची. कोणी कशी आहेस विचारले तर "ग्रँड" म्हणायची, इथले लोक म्हणतात तसे. एकदा तिने प्रेसचे दार उघडले आणि कशासाठी उघडले तेच तिला आठवेना. दार उघडे ठेवून ती पाच मिनिटे तशीच उभी राहिली. मी तिच्या समोर होते. तिची नजर माझ्यावरून गेली. मग तिने दार लावले.

फोनमध्ये शशिकांतचे व्हिडिओ होते. त्यांत तो बहुतेक कॅमेऱ्याच्या मागे. "इकडे बघा" आणि "हसा की जरा" एवढेच. मृणालिनीने ते उघडले नाहीत. मुक्ता उघडायची, आपल्या खोलीत, दार लावून. मुक्ताने घरात मराठी बोलणे बंद केले होते. मराठी ती बाबाशीच बोलायची. आता आईने मराठीत विचारले की ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि तेही थोडक्यात.

गेल्या ऑक्टोबरात शशिकांतच्या नावाने एक पत्र आले. पत्र नेलबाईंचे होते. त्या आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि गात नाहीत. त्यांची चारही ध्वनिमुद्रणे एकत्र करून एक नवा संच निघणार होता. पण चौथ्याच्या मूळ फिती तळघरात पाणी शिरून गेल्या होत्या आणि त्यांच्या स्वतःच्या प्रतीही भिजल्या होत्या. तेव्हा त्यांनी वहीतल्या जुन्या पत्त्यांवर पत्रे पाठवली होती. संच तयार करणाऱ्या माणसाला डिस्कच हातात हवी होती. ओरखड्यांखालचे तो आपल्या यंत्रावर सावकाश वाचणार होता. खोकले आणि खुर्च्यांचे आवाज तो काढून टाकणार होता. तुझा शब्दही काढावा असे त्याचे म्हणणे आहे, नेलबाईंनी लिहिले होते, कारण त्याखाली गिटारची शेवटची तार बुडते. मला तो शब्द आवडतो, पण आवाज तुझा आहे. तू सांगशील तसे करू.

शशिकांत गेल्याचे त्यांना कोणी कळवले नव्हते.

मृणालिनीने उभ्या उभ्या फोनवरून उत्तर पाठवले. 'डिस्क पाठवते. तो शब्द काढलात तरी हरकत नाही.' खाली स्वतःचे नाव. नवऱ्याबद्दल काही नाही. मग तिने मला चहाच्या डब्यामागून काढले, जाड पाकिटात घातले आणि दाराजवळच्या फळीवर ठेवले.

त्या दिवसांत शशिकांतची आई, लताआजी, नागपूरहून आली होती. ती दिवसभर खिडकीशी बसून राहायची. सून आणि ती एकमेकींशी जेवणाखाणाचे बोलत, दुसरे काही बोलत नसत.

मुक्ता शाळेतून आली आणि टेबलावरचे पत्र तिने वाचले.

"मम्मा, वॉट डिड यू टेल देम?"

"काढा म्हणून सांगितलं."

"यू टोल्ड देम टू कट हिम आउट?"

"त्याला नाही गं. एक आवाज आहे तो. खुर्च्या, खोकले, त्यातलाच."

"इट्स बाबा!"

"एक शब्द आहे, मुक्ता. तोही अर्धा. नीट ऐकूसुद्धा येत नाही."

मुक्ताने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "मला येतो."

मराठीत म्हणाली. मृणालिनीच्या हातातले ताट तसेच राहिले.

खिडकीशी बसलेली आजी वळली. "काहून भांडून राहिल्या तुम्ही मायलेकी?"

मुक्ताने अडखळत, अर्धे मराठीत अर्धे इंग्रजीत, सांगितले. आजीने पाकिटाकडे पाहिले. "शशीचा आवाज? यात? आन् मले कोनीच सांगतलं नाही?" ती उठली. "मले ऐकव."

पण घरात मला वाजवणारे यंत्रच नव्हते. मुक्ताने पाकीट फोडले, मला घेतले आणि आजीचा हात धरून शेजारी ब्रीडाबाईंकडे गेली. मृणालिनी त्यांच्या मागोमाग आली. का आली, ते तिलाही सांगता आले नसते.

ब्रीडाबाईंच्या सिंकशेजारी खिडकीत एक जुना रेडिओ होता, सीडीवाला. "कम इन, कम इन," त्या म्हणाल्या. मला पाहताच त्यांनी ओळखले. "ओह, आय नो द वन. गॉड रेस्ट हिम."

मुक्ताने सहावे गाणे लावले. आजीला इंग्रजी येत नाही. ती मांडीवर हात ठेवून ऐकत राहिली. मध्येच तिने विचारले, "काय म्हनते बाई?"

"बोट येत नाहीये," मुक्ता म्हणाली. "ती थांबलीये."

आजीने मान हलवली.

गाणे संपत आले आणि मी अडखळले. माझ्या अंगावर तिथेच ओरखडा आहे. गिटारचा एकच स्वर पुन्हा पुन्हा वाजू लागला. मृणालिनी म्हणाली, "राहू दे आता." ब्रीडाबाईंनी मला बाहेर काढले. मुक्ता बाही पुढे करून पुसायला लागली तेव्हा त्यांनी तिला थांबवले. गोल पुसू नकोस, मधून कडेकडे सरळ पूस, असे त्यांनी हाताने दाखवले. मुक्ताने तसे पुसले आणि गाणे पहिल्यापासून पुन्हा लावले. पुन्हा सूप, पुन्हा बर्फ. कोणी हलले नाही. तार वाजली आणि पुढे गेली.

"वा! क्या—"

मग हसू. मग टाळ्या. मुक्ताने बटण दाबले.

ब्रीडाबाईंनी किटली लावली. मग आजी म्हणाली, "अर्धाच बोलला. कोनं थांबवलं त्याले?"

"मी," मृणालिनी म्हणाली. "चिमटा काढला."

"काहून?"

"लोक बघत होते."

आजीने तिच्याकडे पाहिले. रागाने नाही. "मंग पुढचं तू सांग. काय म्हननार होता?"

"क्या बात है," मृणालिनी म्हणाली. एखाद्या रोग्याचा ताप सांगावा तसे म्हणाली. ती रडली नाही. पण थोड्या वेळाने, कोणी विचारले नसताना, तिने ते पुन्हा म्हटले. या वेळी फारच हळू.

दुसऱ्या दिवशी तिने नवे पाकीट आणले आणि माझ्याबरोबर एक चिठ्ठी घातली. ती सगळ्या प्रवासभर माझ्या अंगाला लागून होती, म्हणून मला ती ठाऊक आहे. 'शशिकांत दोन वर्षांपूर्वी गेला. मी तुम्हाला कळवलं नाही. मी कोणालाच नीट सांगितलेलं नाही. तो शब्द कृपया ठेवा.'

नेलबाईंनी ती चिठ्ठी वाचली, तेव्हा मी त्यांच्या टेबलावर होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग संच तयार करणाऱ्या माणसाला फोन केला. "तार बुडली तरी चालेल," त्या म्हणाल्या. एवढेच.

संच निघाला. खोकले गेले, खुर्च्या गेल्या. तो शब्द आहे.

मी जानेवारीच्या शेवटी एनिसला परत आले. आजी तोपर्यंत नागपूरला गेली होती. मुक्ता तिला रविवारी फोन करते आणि चुकत चुकत मराठी बोलते. ब्रीडाबाईंनी आपला रेडिओ आमच्याकडे आणून ठेवला आहे.

मी आले त्या दुपारी मृणालिनी ड्यूटीवरून आली होती. तिने पाकीट उघडले आणि मला लावले. कोट न काढता उभी राहून तिने अकराही गाणी ऐकली. सहाव्यालाही ती बसली नाही. सगळे संपल्यावर तिने हॉस्पिटलला फोन लावला.

"मी उद्या येणार नाही," ती इंग्रजीत म्हणाली.

बरं नाहीये का, असे पलीकडच्या बाईने विचारले असावे.

"तसं नाही," मृणालिनी म्हणाली. "माझा नवरा वारला."

त्या बाईला हे दोन वर्षांपासून माहीत होते. मग तिने हळूच काही विचारले. मृणालिनी म्हणाली, "किती दिवस लागतील ते मला माहीत नाही." फोन ठेवून तिने कोट काढला.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखाद्या डब्यामागे माझ्यासारखी कोणी पडलेली असेल. तिला फेकण्याआधी एकदा ऐका. यंत्र नसेल तर शेजारी विचारा. पुसाल तेव्हा मधून कडेकडे पुसा. आणि तिच्यावर कोणाचा आवाज आहे ते झाकणावर लिहून ठेवा. आवाज ओळखणारी माणसे घरात कायम नसतात.