सूचनापत्रकात नसलेली कानपिळी

सूचनाबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या डकवता डकवता बाईंना अशी खोड लागली, की घरात फ्रिजवर, गिझरवर, इतकंच काय चपलांच्या कपाटावरही सूचना झळकू लागल्या. नवऱ्याने नाव ठेवलं आणि पोरांनी ते उचलून धरलं.

त्यात लेकीचं लग्न ठरलं ते, हे कुटुंब परदेशात ज्या शहरात राहत होतं त्याच शहरात, इथल्याच मुलाशी. निम्म्या पाहुण्यांनी जन्मात कधी अक्षता पाहिलेल्या नाहीत म्हटल्यावर बाईंना चेवच चढला. चार पानी सूचनापत्रक इथल्या भाषेत छापून त्यांनी ते महिनाभर आधीच नवऱ्या मुलाच्या घरी धाडलं. पादत्राणे बाहेर काढावीत. अक्षता खाऊ नयेत. अंतरपाटाखालून डोकावू नये. सर्व विधी पुरे होईपर्यंत काहीही खाऊ नये. शंका आल्यास जागेवरून हलू नये.

"ही लग्नाची माहिती आहे की ऑपरेशनचं संमतिपत्र?" नवऱ्याने विचारलं होतं.

"तुम्ही गप्प बसा हो. ऐनवेळी घोळ झाला म्हणजे?"

घोळ काही झाला नाही. शाळेचं सभागृह भाड्याने घेतलं होतं. जमिनीवर खेळाच्या मैदानाच्या रेघा, वर झेंडूच्या माळा, होमकुंडाशेजारी आग विझवायचं लाल नळकांडं. पाहुणे अनवाणी, शहाण्यासारखे बसलेले. सगळं अगदी पत्रकाबरहुकूम. आणि तरीही बाईंची नजर पुन्हा पुन्हा विहीणबाईंकडे जात होती.

विहीणबाई पहिल्या रांगेत, खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. दारोदार टपाल वाटून एकटीने मुलगा वाढवलेली बाई. आपण दिलेली साडी नेसून आली, हे खरं. पण चेहरा असा, की आत्ता रडेल की आत्ता रागावेल ते कळू नये. मान हलेना, ओठ उघडेनात. मंगलाष्टकांना तिने दर वेळी मोजून एक चिमूट अक्षता टाकल्या. बाईंनी स्वतः जाऊन पेढा दिला, तर तोंडात टाकायचा सोडून तिने तो रुमालात गुंडाळून ठेवला.

"बघा ना, तोंड कसं केलंय," बाई नवऱ्याच्या कानाशी कुजबुजल्या.

"अगं, साडीत अवघडली असेल."

"साडीत नाही, सोयरिकीत. तिला आपली पोर पसंत नाही."

आणि पोर तर उद्यापासून तिच्याच घरात, वरच्या मजल्यावर राहायची होती. तिथे हिला कुणी मायेने हाक तरी मारेल का, ह्या विचाराने बाईंचे डोळे भरले. होमाचा धूर होता ते बरं पडलं. डोळे पुसले तरी कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात भटजींनी नवरीच्या भावाला पुढे बोलावलं. भाऊ दोन पोरांचा बाप, पण ह्या क्षणाची तो लहानपणापासून वाट बघत होता. त्याने मेहुण्याचा उजवा कान धरला आणि मन लावून पिळला. नवरदेव कळवळला. आपली माणसं खो-खो हसली. पलीकडच्या बाजूची मात्र एकमेकांकडे बघू लागली.

बाईंनी कपाळावर हात मारला. कानपिळी! चार पानं छापली आणि नेमकी कानपिळीच राहिली. आपल्यात काय, सगळ्यांना ठाऊकच असते. ती सांगायची असते हे सुचलंच नाही.

खुर्ची करकरली. विहीणबाई उठल्या. साडीच्या निऱ्या मुठीत धरून ताडताड बोहल्यावर चढल्या. भटजी थांबले.

"का पिळलास?" विहीणबाईंनी भावाला इथल्या भाषेत विचारलं.

भावाची बोबडी वळली. "म्हणजे... माझ्या बहिणीला नीट सांभाळ, म्हणून आठवण. आमच्यात रीत आहे."

"पत्रकात नव्हतं हे."

"नाही, राहिलं."

"मग ह्याला नियम काही?"

"काहीच नाही."

विहीणबाईंनी लेकाचा डावा कान पकडला आणि असा पिळला, की तो टाचा उंचावून उभा राहिला. "हा माझ्याकडून," त्या म्हणाल्या. "ती माझ्या घरी येतेय. तिला रडवलंस, तर हा कान आणि मी."

सगळं सभागृह हसलं, ह्या बाजूचं नि त्या बाजूचं. नवरी तर सासूच्या गळ्यातच पडली.

खाली येऊन विहीणबाई सूचनाबाईंच्या शेजारी धपकन बसल्या. पर्समधून त्यांनी चार पानं काढली. घड्या पडून चिंध्या व्हायच्या बेतात आलेली, ओळ न् ओळ लाल पेन्सिलीने अधोरेखित.

"महिनाभर पाठ करतेय," त्या म्हणाल्या. "हलू नये, असं लिहिलंय तुम्ही. माझ्या हातून काही चुकलं, तर तुम्ही मुलगी द्यायच्या नाहीत, अशी धास्ती होती मला."

सूचनाबाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं. छातीवरचा धोंडा उतरला आणि स्वतःचीच लाज वाटली.

विहीणबाईंनी रुमाल उलगडला. पेढा चेपून चपटा झाला होता. "हा आता खाल्ला तर चालेल?"

समोर सप्तपदीसाठी तांदळाच्या सात राशी मांडणं चाललं होतं. बाईंनी पेढ्याचा तुकडा मोडला आणि विहीणबाईंच्या तोंडात घातला.