एकतीसशे एक्याण्णव

शेडच्या जमिनीवर होतं ते असं: पिकअपच्या जुन्या हौद्याचे आठ बोल्ट, त्यांतले तीन गंजल्यामुळे कापलेले, मागचे दोन दिवे, वायरींसकट, हौद्याची मागची झडप, म्हणजे फाळका. शेजारी लोखंडी चॅनेलची चौकट: सत्तावीसशे मिलिमीटरचे दोन तुकडे, सतराशेचे दोन, मध्ये आडवे पाच. कोपऱ्यांवर वेल्डिंगच्या तोडलेल्या कच्च्या टाक्यांच्या आठ खुणा. चौकट दोनदा जोडून दोनदा उघडली होती.

पिकअप हृतिकची, माझ्या चुलत भावाची. तो करंजाड्याच्या बांधकामांवर सेंट्रिंगच्या प्लेटा पोचवतो. चढवता-उतरवताना हौद्याच्या बाजू आड येत, म्हणून त्याला सपाट फ्लॅटबेड हवा होता.

बाबांनी वीस वर्षं असे फ्लॅटबेड बांधले. मग उजव्या हाताला कंपवात झाला आणि शेड सव्वा वर्ष बंद राहिली. हात मांडीवर ठेवला की सेकंदाला साधारण पाच वेळा हलतो. मी मोजलं आहे. हत्यार धरलं की कमी होतो, थांबत नाही.

"ही चौकट गुण्यात बसली तं शेड चालू," ते म्हणाले होते. "नाय तं मशीन विकून टाकू."

गुण्यात म्हणजे चारही कोपरे काटकोनात. त्याची परीक्षा सोपी आहे. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची दोन्ही तिरपी मापं सारखी यायला हवीत. नुसते टाके असतील तोवर चौकट हातोडीनं सरळ होते. पक्कं वेल्डिंग झालं की होत नाही.

तिसऱ्यांदा टाके मारून झाले तेव्हा हृतिक खुर्चीत रेलून बसला होता. "काका, कळंबोलीच्या गॅरेजला नेऊ का? दोन तासांत करून देतान."

"दोन तासांत करतान, दोन महिन्यांत मोडतंय. गप चा पी."

"चा तिसरा हाय, काका. चौकटपन तिसरीच."

बाबाही हसले, पण डावा हात त्यांनी उजव्यावर दाबून धरला.

फितीचं शून्य त्यांनी एका कोपऱ्यावर धरलं. समोरच्या कोपऱ्यावर मी वाचलं: ३१७९.

"किती?"

सत्तावीसशे आणि सतराशेच्या चौकटीचं तिरपं माप किती यायला हवं, ते मी आधीच काढून ठेवलं होतं. "एकतीसशे एक्याण्णव," मी म्हणाले.

आम्ही जागा बदलल्या. ३२०२.

"आनि ह्यो?"

"तेवढंच."

"बरोबर बगितलंस ना, बाय?"

"हो, बाबा."

त्यांनी काळा चष्मा चढवला आणि संध्याकाळपर्यंत सगळे सांधे पक्के केले. मधेच थांबून उरणला गोदूआत्याला फोन लावला, शेड चालू झाली म्हणून. हृतिकला म्हणाले, "सांग तुज्या कळंबोलीवाल्यांना, बळीराम अजून जिता हाय." तो खुर्चीतून उठून इलेक्ट्रोड हातात द्यायला लागला.

सकाळी वरचा पत्रा बसवायला घेतला. तो दुकानातून काटकोनात कापून आला होता. एक लांब कड जुळवली, तर समोरच्या कडेला तो एका कोपऱ्यात चौदा मिलिमीटर बाहेर आला आणि दुसऱ्या कोपऱ्यात तेवढाच आत राहिला.

"पत्रा वाकडा कापलाय वाटतं," हृतिक म्हणाला.

बाबांनी बाहेर आलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. परत उलटा फिरवला.

"पत्रा नाय," ते म्हणाले. हृतिकला त्यांनी चहा सांगायला पाठवलं. तो गेल्यावर ते माझ्याकडे वळले.

"हातोडीचे दोन घाव लागले आसते, बाय. दोनच."

"तुम्ही तिसऱ्यांदा..."

"चौथ्यांदा केली आसती." उजवा हात मांडीवर हलत होता; त्यांनी तो झाकला नाही. "हात माजा बिगरला हाय. म्हनून तर तुला त्या टोकाला उभी केली."

त्यांनी फितीचं शून्य कोपऱ्यावर धरलं.

"आता वाच. मोठ्यान."

पहिलं एकतीसशे एकोणऐंशी. दुसरं बत्तीसशे दोन.