कारण आधीच लिहिलेली वही

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे आणि माझ्यातलं अक्षर फार सुंदर आहे. हे आधीच सांगते, कारण माझं सगळं कौतुक त्या अक्षरापायीच झालं आणि सगळं पापही त्यातच आहे.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. जाड कागद, कापडी पाठ, प्रत्येक पानाच्या एकाच बाजूला छापलेले पाच रकाने: तारीख, नाव, खातं, इजा, कारण. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यानं मला विकत घेतलं. तिथं कुणाला लागलं, कापलं, चेंगरलं की माझ्यात लिहायचं.

मला सांभाळणारे कारकून सज्जन होते. मुंगीलाही बाजूला सारून जात. पण त्यांना काम आधी उरकून ठेवायची सवय होती. माझ्याआधीच्या वहीच्या वेळी अपघात झाला की ते व्यवस्थापकांकडे कारण विचारायला जात आणि उत्तर दरवेळी तेच मिळे. मग दरवेळी जिने कशाला चढायचे? मी टेबलावर आले त्याच दिवशी त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, ओळीओळीला, शेवटच्या रकान्यात लिहून टाकलं: ‘यंत्रचालकाचा निष्काळजीपणा’. तेव्हा कुणाचं बोटसुद्धा कापलं नव्हतं.

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी मला चाळलं. ते म्हणाले, “वही असावी तर अशी. एक खाडाखोड नाही.” मित्रांनो, मी फुगले. खाडाखोड का नाही, हे मला ठाऊक होतं.

कारखान्यात दोन सख्खे भाऊ एकाच यंत्रावर होते. धाकटा पत्रा सरकवायचा. थोरला यंत्रचालक, तो पायानं दांडा दाबायचा आणि वरून साचा पडायचा. एके दिवशी साचा धाकट्याच्या हातावर पडला. तिसऱ्या दिवशी तो गेला. थोरला सगळ्यांना सांगत होता, “मी पाय टाकलाच नव्हता.”

फिटर माझ्या टेबलाशी आला. तो म्हणाला, “स्प्रिंग तुटलीय. पाय न लावता साचा पडतोय. लिहून घ्या.”

कारकुनांनी मला उघडलं. तारीख लिहिली, धाकट्याचं नाव लिहिलं, आणि शेवटच्या रकान्याशी त्यांचा टाक थांबला. तिथं जागाच नव्हती. “बघतो,” ते म्हणाले आणि त्यांनी मला मिटलं.

मग व्यवस्थापकांनी थोरल्याला बोलावून माझं पान दाखवलं. त्याचा स्वतःच्या पायावर विश्वास होता, पण शाईवर त्याहून जास्त. त्याच्या आईनं मरेपर्यंत त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. त्यानंही कधी पुढं केलं नाही.

धाकट्याची ओळ पानाच्या तळाशी होती आणि तीच माझ्यातली शेवटची नोंद ठरली, कारण पुढं लवकरच कारखाना बंद पडला. मालकांच्या तसबिरी काचेच्या कपाटात गेल्या, मी गोणीत गेले. अखेर जुन्या उद्योगांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या एका संस्थेत मी पोचले. तिथल्या अभिलेखपालांना सगळे काटकसरकाका म्हणत. त्यांनी माझा नावांचा रकाना तेवढा पाहिला आणि यादीत लिहिलं: ‘अपघात नोंदवही, अर्धी कोरी’.

बऱ्याच वर्षांनी थोरल्याची मुलगी आली. ती शिवणकाम करायची. कारखान्याचा गौरवग्रंथ तिनं वाचला होता, त्यात यंत्रांचे फोटो होते, माणसांचे नव्हते. जुनी वर्तमानपत्रं चाळली, त्यांत डब्यांच्या जाहिराती होत्या. अशी दारोदार फिरत ती माझ्यापर्यंत आली.

“बाबा अंथरुणाला खिळलेत,” ती म्हणाली. “त्यांना एवढंच कळायला हवंय की चूक त्यांची होती का.”

काकांनी पान काढून दिलं. तिचं बोट ओळीवरून सरकत शेवटच्या रकान्याशी आलं आणि तिथंच थांबलं.

“पुढं काही आहे का हो, काका?”

“पुढं कोरी आहे, ताई. उगाच हात कशाला काळे करता?”

मित्रांनो, वहीला स्वतःचं पान उलटता येत नाही. एक पान, फक्त एक! ती उठली, काकांचे आभार मानले आणि गेली.

त्यानंतर काकांनी माझी बरीचशी ‘कोरी’ पानं फाडून आडव्या पट्ट्या कापल्या. पाठीमागची बाजू खरंच कोरी होती, येणाऱ्यांच्या मागणीच्या चिठ्ठ्यांना छान झाली.

दोन महिन्यांनी ती परत आली. वडिलांचा कारखान्यातला पितळी बिल्ला तिला संस्थेला द्यायचा होता. घरात ठेववत नव्हता. काकांनी एक चिठ्ठी पुढं केली, “यावर नाव-पत्ता लिहा.” तिनं लिहिलं, आणि शाई वाळली का बघताना चिठ्ठी उलटली.

तारीख नाही. नाव नाही. खातं नाही, इजा नाही. आणि शेवटी तेच सुंदर अक्षर.

तिनं गठ्ठा ओढला आणि एकेक चिठ्ठी उलटत गेली. काका म्हणाले, “अहो, रद्दी आहे ती. त्या वहीच्या मागच्या पानांची.”

“हे सगळं आधीच लिहून ठेवलं होतं,” ती म्हणाली. “कुणाला काही व्हायच्या आधी.”

काकांनी चष्मा वर केला. “मग सांगा की वडलांना. बरं वाटेल त्यांना.”

“मी सांगितलं त्यांना. त्या दिवशी इथून गेल्यावर. म्हटलं, बाबा, वहीत तुमचीच चूक लिहिलीय. ते म्हणाले, मग बरोबरच असेल.” तिनं बिल्ला टेबलावर ठेवला. “गेल्या मंगळवारी गेले ते.”

ती एक चिठ्ठी पर्समध्ये ठेवू लागली. काकांनी हात आडवा घातला. “ती नेता येणार नाही, ताई. संस्थेची मालमत्ता आहे.”

म्हणून सांगते, मित्रांनो, जुन्या कागदांची धूळ झटका, त्यांना वाळवीपासून जपा. पण सुंदर अक्षरावर भुलू नका. आपलं पान सापडलं तरी थांबू नका, मागचं बघा, पुढचं बघा, कोरं म्हणतील ते तर आधी बघा. माझी अकरा ‘कोरी’ पानं अजून शिल्लक आहेत. नावाची जागा रिकामी आहे, कारण लिहून तयार आहे.