सान फ्रान्सिस्कोची मान

संताच्या चादरीवर टाचलेले पत्र्याचे पाय एकशे सात होते. हात चौसष्ट, डोळ्यांच्या जोड्या एकोणचाळीस, हृदयं बावन्न, गायी सहा, ट्रक दोन, आणि एक वस्तू अशी की ते मूत्रपिंड की घेवड्याचा दाणा हे ठरवता येईना. ज्याचं जे बरं झालं त्याचा छोटा आकार लोक आणून टाचतात. मी सगळे चिमट्यानं काढून डब्यांत भरले, चादर बाजूला केली, तेव्हा कुठे लाकडाचा सान फ्रान्सिस्को नीट दिसला. उताणा निजलेला, डोळे मिटलेले, नाक चुंबनांनी झिजून सपाट झालेलं. मानेच्या डाव्या बाजूला, कानाच्या पाळीपासून गळ्यापर्यंत, एक तडा गेला होता.

तडा कशानं गेला हे शोधायची गरज नव्हती. आमच्या आग्वा पार्दाच्या मिशनमध्ये, म्हणजे जुन्या देवळात, नुसतं दर्शन घेऊन कोणी परत जात नाही. मानेखाली हात घालून संताचं डोकं उचलायचं. उचललं तर संत राजी. नाही उचललं, तर का नाही ते ज्याचं त्याला माहीत. आजवर सगळ्या सोनोरा प्रांताचे हात त्या मानेखालून गेलेले. लाकूडच ते.

मी याच गावची. एर्मोसियो शहरात रसायनशास्त्र शिकले आणि जुन्या लाकडाची डागडुजी करणाऱ्या एका कार्यशाळेत लागले. फादर अर्नुल्फोंनी मला बोलावलं तेव्हा जत्रा तोंडावर आली होती. तड्यात डिंक भरला, पण तो आतपर्यंत वाळायला काही आठवडे लागणार होते आणि तोवर डोकं हलता कामा नये.

"डोकं खालच्या फळीला स्क्रूनं बसवते," मी म्हणाले. "उशीतून घेते, दिसणार नाही. आणि एक फलक लावू, की यंदा कोणी उचलू नका."

"फलक?" फादर म्हणाले. "इरासेमा, तू इथलीच ना गं? फलक वाचून लोक जास्त जोर लावतील. गपचूप बसव."

"आणि उचललं नाही म्हणून कोणी घाबरलं तर?"

"घाबरू देत की. वर्षातून एकदा माणसानं स्वतःकडे बघावं. माझं प्रवचन ऐकून कोण बघतंय?"

मला हसू आलं. पितळेचा लांब स्क्रू मी खालून फिरवला, चादर घातली, पाय, हात, हृदयं परत टाचली.

जत्रेच्या दिवशी सकाळपासून रांग दारातून बाहेर, थेट मेस्कीटच्या झाडांपर्यंत गेली होती. सगळ्या वाळवंटातून चालत आलेले लोक. टोप्यांवर धूळ, ओठ फुटलेले. संताच्या उशाशी दोन्या चायो पंखा हलवत बसली होती. तीस वर्षं ती देवळाची झाडलोट करते, आणि रांगेतल्या प्रत्येकाची कुंडली तिला पाठ आहे. स्क्रूचं तिलाही सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा गॅरेजवाला चेमा आला. हात घातला, जोर लावला, डोकं हललं नाही.

"काय रे, कुठून आलास?" दोन्या चायो म्हणाली.

"घरून. काल दिवसभर झोपलो होतो, देवाशप्पथ."

"कोणाबरोबर ते विचारतोय संत."

रांग हसली. चेमाही हसला. मागच्याला म्हणाला, "ये, आता तुझी पाळी, बघू किती धुतल्या तांदळाचा आहेस." तोही फसला, त्याच्या मागचाही. एक नवी नवरी आपल्या सासूला म्हणाली, "आधी तुम्ही, मग मी." दोघींनाही जमलं नाही, आणि दोघी एकमेकींकडे बघत बाजूला झाल्या. मी खांबाला टेकून उभी होते. मलाही गंमत वाटत होती.

मग एका बाईनं तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा हात पुढे नेला आणि मागे घेतला. आणलेली मेणबत्ती तशीच पिशवीत घालून ती खाली बघत निघून गेली. दुपार होईपर्यंत रांगेत कोणी मोठ्यानं हसत नव्हतं. दोन्या चायोनं माझ्याकडे एकदा वळून पाहिलं, म्हणाली, "यंदा काय सगळं गावच बिघडलंय का गं?" मी खांबावरचं मेण नखानं खरवडत राहिले. बोलायला हवं होतं, आणि एवढं सोपं होतं ते.

डॉन रोसेंदो त्यानंतर आले. एल साउस गावात त्यांची पाण्याच्या टँकरची गाडी होती. मी लहान असताना आमच्या टाकीत पाणी तेच ओतायचे. आता काठी होती, आणि डोळ्यांत मोतीबिंदू इतका पिकलेला की बुबुळं दुधाळ दिसत होती. त्यांनी टोपी काढली. चाचपडत हात मानेखाली घातला. ओठ हलले. मग उचलायला जोर लावला.

काहीच झालं नाही.

त्यांनी दुसरा हात घातला. त्यांच्या स्वतःच्या मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. दोन्या चायोनं पंखा थांबवला. ते हळूच म्हणाले, "बरं." पुन्हा म्हणाले, "बरं." टोपी घातली आणि काठी विसरून निघाले.

काठी घेऊन मी त्यांच्या मागे गेले. ते झाडाखाली बसले होते. बूट काढले होते. मोजे टाचांना चिकटले होते आणि चिकटल्या जागी काळे झाले होते.

"डॉन रोसेंदो, तुम्ही एवढ्या लांब एल साउसहून चालत आलात? साखरेचा आजार ना तुम्हाला?"

"कोण, नाचोची मुलगी का तू? बस पोरी." ते थोडा वेळ मोज्याशी खेळत राहिले. "माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा माझ्या बायकोनं, कुकानं, नवस केला होता, की हा वाचला तर चालत येईन. मी वाचलो. म्हटलं, बाई, एवढा टँकर दारात उभा आणि तू चालत जाणार? लोक मला काय म्हणतील? संत काय गाडीचा मीटर बघतो? बसवलं तिला गाडीत."

"मग?"

"सगळा रस्ता ती अक्षर बोलली नाही. इथं आल्यावर आत गेली, पण हात नाही लावला. म्हणाली, मी कुठं चालत आलेय, त्याला हात कुठल्या तोंडानं लावू. मार्चमध्ये देवाघरी गेली." त्यांनी दुधाळ डोळे पुसले. "नवस राहिला की माणूस सुटत नाही पोरी. पहाटे दारापुढे तिच्या चपला वाजतात. येतात आणि जातात. म्हणून मी चाललो, तिच्या वतीनं. पण संतानं ते घेतलं नाही."

काठी मी त्यांच्या हाताशी टेकवली. मी म्हणाले, "डॉन रोसेंदो, डोक्याला स्क्रू आहे. मी लावलाय. मानेला तडा गेलाय म्हणून. आज कोणाचंच डोकं उचललं गेलेलं नाही."

त्यांनी काठी चाचपून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "तुझी आईपण अशीच होती. कोणी रडलं की काहीतरी गोड रचून सांगायची."

"रचून नाही. खरंच आहे."

"असेल. पण म्हणजे मला काय कळलं? घेतलं की नाही घेतलं?"

मी त्यांचे बूट उचलून त्यांच्यापुढे ठेवले.

"पुढच्या वर्षी येईन," ते म्हणाले आणि बूट ओढायला लागले. टाच आत जात नव्हती. त्या पायांना पुढचं वर्ष नव्हतं, हे मला दिसत होतं, आणि मला वाटतं त्यांनाही न बघता माहीत होतं.

जेवणाच्या वेळी देऊळ तासभर बंद होतं. फादर जेवायला गेले, दोन्या चायो किल्ली माझ्याकडे देऊन मांडवात गेली. मी डॉन रोसेंदोंना बाजूच्या दारानं आत आणलं. फळीखाली आडवी झाले आणि स्क्रू फिरवायला लागले. तो बाहेर आल्यावर त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी बोटांनी त्याचे आटे मोजल्यासारखे चाचपले.

"म्हणजे खरंच होता."

"हो."

"आणि तडा?"

"तोही आहे. डिंक अजून ओला आहे. उचललं तर उघडू शकतो."

"मग नको," ते लगेच म्हणाले. "बायकोचा नवस फेडायला आलो आणि संताची मान मोडून गेलो, असं नको."

"मी खालून आधार देते. मानेला जोर बसणार नाही."

"फादरला काय सांगशील?"

"जे केलं ते."

मी डावा हात तड्याखाली धरला. लाकूड गार होतं. आज रांगेत उभे राहिलेले सगळे चेहरे माझ्यासमोर होते, मेणबत्ती परत नेणारी ती बाई सर्वांत पुढे. तिचं गाव कुठलं हेही मला माहीत नव्हतं. एकट्या डॉन रोसेंदोंसाठी स्क्रू काढून तिचं काही फिटणार नव्हतं.

त्यांनी काठी खाली ठेवली. दोन्ही हात डोक्याखाली सरकवले. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली आणि ते थांबले.

"हात काढ."

"डॉन रोसेंदो, तडा..."

"तू धरलंस तर मग उचललं कोणी? कुकाला मी काय सांगू? पुन्हा गाडीत बसवल्यासारखंच होईल ते."

मी हात तसाच ठेवला. त्यांनी घाई केली नाही. नुसते थांबून राहिले, दुधाळ डोळे माझ्या तोंडाकडे लावून. मला या मूर्तीसाठी बोलावलं होतं. ती सांभाळायची म्हणून सकाळपासून मी एवढ्या माणसांना खाली मान घालून जाताना बघितलं होतं.

मी हात काढला.

त्यांनी श्वास घेतला आणि उचललं. मानेतून बारीक कर्र असा आवाज आला. तो त्यांनी ऐकला की नाही कळलं नाही. चादरीवरचे पत्र्याचे पाय एकमेकांवर किणकिणले.

"आलं का वर?" ते दातांतून म्हणाले. "मला दिसत नाही. हाताला कळत नाही, हात मेलेत. आलं का?"

"आलं."

"असं नको सांगूस. मोज."

खिशातली पोलादी पट्टी काढून मी उशीवर उभी धरली, खाली वाकून डोळा तिच्या पातळीला आणला, आणि उशी ते डोकं यांतली फट वाचली.

चार मिलिमीटर.