दोन इंच माया

सियाने झग्यामागचा दिवा लावला आणि पातळ कापडात दोन काळ्या रेघा उमटल्या, काखेपासून थेट पायापर्यंत.

"मावशी, ही माया काढावी लागेल. लाइटमध्ये सगळी दिसतेय."

शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला माया म्हणतात, हे तिला अंजनामावशीनेच शिकवलं होतं. ईडन प्रेरी या उपनगरात वाढलेली ही मुलगी मिनिआपोलिसच्या ऑपेरासाठी यंदा पहिल्यांदाच नेपथ्य आणि वेशभूषा दोन्ही करत होती. जुन्या गोष्टीतली राणी तिने विमानतळावर आणून बसवली होती. सिंहासन गेलं, प्लास्टिकची खुर्ची आली. मागे नुसती उजेडाची भिंत, आणि शेवटी त्या उजेडासमोर पातळ झग्यातली एकटी बाई. पोरगी हुशार आहे हे अंजना मनात कबूल करी. तोंडावर कौतुक करायची तिला सवय नव्हती.

पण इथे कपडे बेतायला लागल्यापासून एकोणीस वर्षांत अंजनाने माया कापली नव्हती. आज एक गायिका, उद्या दुसरी, जरा भरलेली. उसवलं, सैल केलं, काम भागलं. कापलेलं कापड परत येत नाही, असं ती नव्या मुलींना दहादा ऐकवी. उद्या बघते, असं सांगून तिने झगा खुंटीला लावला. मावशींचा उद्या किती लांबतो हे सियाला ठाऊक होतं.

घरीही अंजनाचं शिवणच चालू होतं. नवरा, सुभाष, कॅन्सरने दिवसेंदिवस उतरत चालला होता, आणि डॉक्टरांनी औषधं थांबवून दोन आठवडे झाले होते. त्याने एकच मागितलं होतं: या प्रयोगाला यायचं. आजवर दर वेळी ऑफिसचं काहीतरी निघालं आणि बायकोचं काम त्याने रंगमंचावर कधी पाहिलंच नाही. त्यासाठी त्याची करडी पँट ती चौथ्यांदा आत घेत होती. मागच्या शिवणीत दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच कापड साठलं होतं, पण तिने कात्री लावली नव्हती. कापलं तर हे आता अंगाने भरणार नाहीत असं आपणच म्हटल्यासारखं होईल, असं तिला वाटे.

रविवारी दुपारी तिने त्याला पँट घालून व्हीलचेअरवर बसवून पाहिलं. दहा मिनिटांत तो एका कुशीवर कलला.

"टोचते, अंजना," तो म्हणाला. "मागे, कमरेत."

"राहू द्या ना, अहो. तब्येत सुधारली की उसवायला बरं पडेल."

"असं दोन तास बसणं नाही होणार." त्याने जरा दम घेतला. "काप आता ते. मला शेवटपर्यंत पाहायचं आहे."

तिला रडू आलं, आणि आधी बोलला नाही म्हणून त्याचा रागही आला. इतके दिवस आपली आशा यांच्या हाडांना टोचत होती आणि आपल्याला पत्ताही नव्हता. तिने जेवणाच्या टेबलावर पँट उलटी केली, कापड कापलं आणि कडा बारीक दुमडून हातानेच शिवल्या. सोमवारी सकाळी, सियाने काही विचारायच्या आत, तिने झग्याचीही माया कापली. सिया थँक यू म्हणाली तेव्हा ती खाली वाकून चिंध्या गोळा करत होती.

प्रयोग दुपारचा होता. व्हीलचेअरच्या रांगेत दोघं शेजारी बसले. गाण्यातला शब्दही त्याला कळत नव्हता, तरी तो नजर हलवत नव्हता. शेवटी मागची भिंत उजळली आणि राणी एकटी उभी राहिली. झग्यात कुठे रेघ नव्हती.

"शिवण कुठे आहे?" त्याने हळूच विचारलं.

"आहे. दिसत नाही."

त्याने मान डोलावली. पडदा पडेपर्यंत तो तसाच ताठ बसून होता, एकदाही कुशीवर न कलता.