एक दार, एक मत

ताईचा जीव शिलाईच्या खोलीत, आणि खोली नेमकी रस्त्यात जाणार होती. मागची गल्ली रुंद करायची तर मागच्या खोल्या पाडाव्या लागणार. करायची की नाही, हे गल्लीनेच दोनदा मत देऊन ठरवावं, असं सरकारी कचेरीने कळवलं. सरकारलाही कधीमधी लोक आठवतात! पण गल्लीचा रिवाज जुना: एक दार, एक मत. मोजायला सोपं म्हणून कुणा शहाण्याने काढलेला. ताईच्या घराला एकच दार, धाकट्या भावाच्या दुकानाचं. त्याला तर रुंद गल्ली हवीच होती. मालाची गाडी थेट मागे लागली असती.

"घर दोघांच्या नावावर आहे," ताई म्हणाली.

"आहे ना. दार एकच आहे. तू मशीन माडीवर ने."

"आणि गिऱ्हाइकं? त्या जिन्यावरून म्हाताऱ्या बायका चढतील?"

"हळूहळू चढतील."

ताई संतापली. संतापली की ती भांडत नसे, कामाला लागे. पहिल्या सभेच्या दिवशी सकाळीच तिने गवंड्याला बोलावलं आणि मागच्या भिंतीवर खडूने चौकट आखली.

"भावाला विचारलंत का?" गवंडी चाचरला.

"अर्धं घर माझं आहे. माझ्या अर्ध्यात फोड."

संध्याकाळी सभेत कचेरीचे साहेब मतं मोजत होते. ताईने हात वर केला.

"आमच्या घराचं मत मी दिलंय!" धाकटा ओरडला.

"पुढच्या दाराचं दिलंस. मागच्याचं मी देतेय."

सभा खो खो हसली. साहेब उठले, सगळा लवाजमा घेऊन गल्लीत आले आणि त्यांनी चौकटीवर हात टेकला. हात सिमेंटने भरला.

"हे तर ओलं आहे!"

"दार वाळलेलं हवं, असा नियम आहे का, साहेब?"

तसा नियम नव्हता. साहेबांनी मत धरलं.

तरी ताई हरली. थोडक्यात, पण हरलीच. दुसरं, अखेरचं मतदान पुढच्या आठवड्यात होतं. घरी येऊन ती कापडांवरचा विटांचा भुगा झटकत बसली. डोळे भरून आले होते, हात मात्र थांबले नव्हते.

भावजय दबक्या पावलांनी आत आली. नवऱ्यापुढे तिने आजवर कधी ब्र काढला नव्हता.

"वन्सं, तो गवंडी उद्या मोकळा आहे का?"

"का गं?"

"शेजारच्या दोघी बाहेर थांबल्यात, त्यांना हवाय." तिने पदर खोचला. "पण पहिलं दार माझ्या स्वयंपाकघराला."