बॉस जोडला गेला आहे

मी एका गाडीच्या डॅशबोर्डमधला पडदा बोलतोय. तरुण मंडळी मला स्क्रीन म्हणतात, म्हातारी माणसं अजून टेपच म्हणतात. माझी काच फुटली आहे. सांगेन ते सगळं मला नीट आठवतंय का, याची मलाच शंका आहे. तरी सांगतो.

कारखान्यात मला बावीस भाषा शिकवल्या, हजारो रस्ते डोक्यात भरले. एवढं शिकून काम मात्र साधं: ओळखीचा फोन जवळ आला की ब्लूटूथने त्याचा हात धरायचा. माणूस कसा आहे, हे पारखायचं शिक्षण मला कुणी दिलं नाही.

गाडी घेतली तिने. पहिला फोन जोडला तिच्या नवऱ्याने. त्याच्या फोनचं नाव होतं 'बॉस'. जोडलेल्या फोनांच्या माझ्या यादीत पहिला क्रमांकही त्याने स्वतःलाच दिला.

"दोघांचे फोन असले तरी आधी माझा लागेल. कळलं?"

"गाडी माझी आहे हो," ती हसून म्हणाली.

पहिली थप्पड मी तेव्हा पाहिली.

पुढच्या मी मोजल्या नाहीत. मोजता आल्या असत्या, पण ते माझं काम आहे का, हेच ठरेना.

एका दुपारी त्याचा फोन बंद होता, म्हणून मी तिचा धरला. तिच्या आईचा कॉल आला आणि मी तो नेहमीसारखा गाडीभर ऐकवला. "बाळा, किती सोसशील? निघून ये."

त्याने तिचे केस धरले आणि डोकं माझ्यावर आपटलं. दोनदा. माझ्या काचेला तडा गेला, तिच्या कपाळाला खोक पडली. रक्ताखाली मी अक्षरं दाखवत होतो: कॉल संपला. इतका निर्बुद्धपणा मी आयुष्यात दुसरा केला नसेल.

ती खरंच निघून गेली. कोर्टाने त्याला तिच्या आसपास फिरकायला बंदी केली. तो दुसऱ्या शहरात गेला, असं कळलं. तिने घर बदललं, कुलपं बदलली, फोन नंबर बदलला. माझी यादी मात्र कुणाला आठवली नाही.

आणि मग माझी तक्रार सुरू झाली. ती ज्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची, तिथल्या पार्किंगमध्ये संध्याकाळी पाचला गाडी सुरू केली की तिचा फोन माझ्याशी जुळेना. चौकापर्यंत गेलं की जुळे. असे अकरा दिवस. गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनने तिचा फोन पुसून पुन्हा जोडला, मला बंद करून चालू केलं. गॅरेजमध्ये सगळं ठीक. शेवटी बाराव्या दिवशी तो म्हातारा इलेक्ट्रिशियन स्वतःच पार्किंगमध्ये आला आणि तिच्या शेजारी बसला.

"काका, घरी लागतो, सिग्नलला लागतो. इथेच याला काय रोग होतो?"

"पोरी, यंत्राला रोग नसतो, खोड असते." त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. "हं. हा बघ. तुझ्याआधी दुसराच लागून बसतोय. हा बॉस कोण?"

तिने ते नाव बोटाने झाकलं.

"अगं, पुसून टाकू की. एक बटण दाबायचं."

"काका, फोन किती लांबून लागतो?"

"असेल तीस फूट. म्हणजे आत्तासुद्धा तो..." काका थांबले. दोघांनी एकदमच आरशात पाहिलं.

काकांच्या बाजूची काच फुटून आत आली. लोखंडी सळईचा पहिला घाव त्यांच्या कपाळावर बसला आणि ते गिअरवर कोसळले. मग बॉस धावत तिच्या बाजूला आला. ती काच फोडली. तिने आडवा धरलेला हात मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिचा फोन हिसकावून त्याने भिंतीवर आपटला.

"लाव आता आईला फोन!"

तिने उरलेल्या हाताने माझ्यावर पोलिसांचा नंबर दाबला. रिंग गाडीभर घुमली. "बोला, पोलीस कंट्रोल रूम," एक बाई म्हणाल्या.

त्याची सळई हवेतच राहिली. "कुणाच्या फोनवरून बोलतेस? तुझा तर मी फोडला!"

"तुझ्या," ती म्हणाली. "खिशातल्या." आणि ओरडून पत्ता सांगितला.

मग त्याने मला फोडायला घेतलं. चौथ्या घावानंतर मला काही दिसलं नाही. त्याच्या शिव्या मात्र मी शेवटपर्यंत त्या बाईंकडे पोहोचवल्या. प्रयोगशाळेतली माणसं धावली, त्याला धरलं. काकांना चौदा टाके पडले, तिच्या मोडलेल्या हाडात सळई बसवली. दोघं जिवंत आहेत.

आता मी पोलीस ठाण्याच्या कपाटात, सीलबंद पिशवीत आहे. तो म्हणतो, "आधीचे अकरा दिवस मी त्या शहरात नव्हतोच, त्या दिवशी फक्त बोलायला गेलो होतो." ते अकरा दिवस माझ्या पोटात तारीखवार आहेत, म्हणून मी साक्षीदार.

"स्क्रीनने वाचवलं पोरीला," असं काका सांगत फिरतात. ऐकून मला संकोच वाटतो. मी कुणाला वाचवलं? अकरा संध्याकाळी मी तिचा हात सोडून त्याचा धरला. तो बाहेर उभा आहे, हे मला कळत होतं. बावीस भाषांपैकी एकीतही मी ओरडलो नाही.

म्हणून विनंती आहे. माझ्यातल्या तारखा उतरवून घ्या, आणि लगेच ते पहिलं नाव पुसा. त्याचा फोन याच कपाटात, खालच्या खणात ठेवलाय. उद्या कुणी दोघांना वीज दिली, तर मी पुन्हा त्यालाच जोडला जाईन.